घोडा एक, गाडीस जोडण्याचा

रमाकांतने त्या दिवशी एका ओळीत अख्खी टमटम गायब केली, आणि वर शाई वाळावी म्हणून कागदावर हलकेच फुंकरही मारली.

हा पराक्रम घडला बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका दिवंगत सरदाराच्या आवारात. मागे राहिलेल्यांनी देणी भागवायला पागेचा लिलाव काढला होता. पुकारणारा गुजराती, गर्दी निम्मीअधिक गुजराती, आणि सरदारांचं दफ्तर मात्र मराठी. म्हणून कारभारी वामनरावांनी घेणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहायला रमाकांतला बसवलं होतं. गडी सासवडच्या शाळेत शिकलेला. सयाजीराव महाराजांच्या राज्यात शिकलेला माणूस उपाशी राहत नाही, असं कुणीतरी सांगितलं म्हणून नुकताच बडोद्यात उतरलेला. "गुजराती येतं का?" या प्रश्नावर त्याने "येतं की!" असं ठणकावून सांगितलं होतं. येत होतं ते एवढंच, की कुणी 'केम छो' म्हटलं तर 'मजामां' म्हणायचं आणि पुढचं सगळं हसून निभावून न्यायचं.

पुकारणारा ओरडला, "घोडो एक, गाडी जोडे!"

गुजरातीत 'जोडे' म्हणजे सोबत. घोडा, गाडीसकट. रमाकांतच्या सासवडी कानाला मात्र त्यात 'जोडणं' ऐकू आलं. म्हणजे बसायचा घोडा नव्हे, गाडीला जोडायचा. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'घोडा एक, गाडीस जोडण्याचा,' आणि खाली नेहमीचं, 'माल पावला.'

माल घेणारे होते सुभानराव शितोळे. वडील सरकारी पागेत स्वार होते. पागा कमी झाल्या तशी ती भाकरी गेली, आणि मुलाच्या वाट्याला घोड्याच्या पाठीऐवजी घोड्यामागची पाटी आली. आजवर ते दुसऱ्यांच्या टमटमी हाकत आले होते. स्टेशनावरून मांडवी, मांडवीवरून स्टेशन, आणि संध्याकाळी कमाईतला मोठा वाटा मालकाच्या हातावर. एकदा तरी आपल्या गाडीत बसून आपल्या घोड्याला शिवी द्यायची, एवढीच त्यांची हौस. त्या हौसेसाठी येसूबाईंनी हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या होत्या.

सुभानरावांनी चिठ्ठी बोटाने ओळ धरून वाचली. "गाडीस जोडण्याचा. हां, बराबर." त्यांना वाटलं, घोडा नि गाडी जोडीनेच लिहिलीत. टमटमचं एक चाक लोहाराकडे लोखंडी धाव बसवायला गेलं होतं, तेव्हा गाडी उद्या न्यायची ठरली. त्यांनी सही केली आणि घोडा घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते गाडी न्यायला आले, तेव्हा वामनराव पान लावत बसले होते.

"कसली गाडी?"

"अहो, कालची. घोडा, गाडी जोडे. शंभर माणसांत पुकारलं की!"

"पुकारलेलं वाऱ्यावर जातं, सुभानराव. लिहिलेलं वाचू. 'घोडा एक, गाडीस जोडण्याचा.' मग जोडा ना गाडीस! आम्ही कुठं अडवलंय? गाडी तेवढी तुमची आणा."

बाजूला कालच्या मजुरीसाठी ताटकळलेला रमाकांत उभा होता. त्याने चिठ्ठी पाहिली, पुकारणाऱ्याला बाहेर गाठून 'जोडे' म्हणजे काय ते विचारलं, आणि परत येऊन वामनरावांसमोर सरळ म्हणाला, "चूक माझी आहे. मी दुरुस्त करून देतो."

"तू दुरुस्त करणार? सही केल्यावर?" वामनराव हसले. "बाळ, तू सासवडला जा परत."

गाडी आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या कुणाला विकून झाली होती, हे मागाहून कळलं.

पद्माकर वकील दांडिया बाजारात बसत. रमाकांतच सुभानरावांना तिथे घेऊन गेला. वकिलांनी सगळं ऐकलं. रमाकांतकडे त्यांनी एकदाच पाहिलं, पण ते एकदाच पुरेसं होतं.

"दावा उभा राहतो," ते म्हणाले. "पुकारलं एक आणि दिलं अर्धं, तर घेणारा म्हणू शकतो, मला अर्धं नको. सगळं द्या, नाहीतर तुमचं परत घ्या आणि माझे पैसे टाका. तशी नोटीस देऊ. पण एक लक्षात ठेवा. तुम्ही माल नाकारलाय. म्हणजे घोडा तुमचा नाही. तो तुमच्याकडे नुसता बांधून ठेवलाय. त्याच्यावर बसायचं नाही, त्याला जुंपायचं नाही, विकायचा तर नाहीच. एकदा जरी वापरलात, तर ते म्हणणार, माल पसंत होता. मग चिठ्ठीच खरी ठरायची."

"आणि खायला?"

"ते मात्र घालावं लागेल."

असा तो घोडा शितोळ्यांच्या दाराशी कामाला न लावता पोसायचा ठरला. येसूबाईंनी त्याचं नाव पाव्हणा ठेवलं. "पाव्हण्यांचं झालं का? मग आपण बसू," असं त्या रोज म्हणत, आणि खरोखरच घोड्याला गवत पडल्याशिवाय घरात तवा तापत नसे. पहिल्या महिन्यात त्या हे हसून म्हणत. पुढे नुसतं म्हणत.

सुभानराव पुन्हा दुसऱ्याची टमटम हाकू लागले. संध्याकाळी पाव्हण्याचे पाय मोकळे करायला त्याला लगाम धरून गोरव्याच्या वाटेने चालवत नेत. स्टेशनावरचे गाडीवाले टपलेलेच असत.

"काय राव, तुम्ही घोड्याला फिरवता की घोडा तुम्हाला?"

"बसा की वर! लग्नातला नवरदेव पण बसतो हो!"

सुभानराव घोड्याची मान थोपटत पुढे जात.

रमाकांतला आता कुणी चिठ्ठ्या लिहायला बोलवत नव्हतं. तो एका पेढीवर माल मोजायचं काम करी आणि संध्याकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन शितोळ्यांकडे येई. येसूबाईंनी पहिल्यांदा त्याला पाहून तोंड फिरवलं होतं. मग एके दिवशी त्यांनीच त्याच्यापुढे ताट सरकवलं.

"जेवा, भावजी. गुजराती शिकलात का?"

"शिकतोय, वहिनी."

"आता काय करायचंय शिकून!" त्या म्हणाल्या, आणि वर भाकरीवर तेल घातलं. रमाकांतने मान खाली घालून भाकरी मोडली.

दाव्याच्या तारखा पडत राहिल्या. कधी वामनराव आजारी, कधी त्यांचे वकील परगावी. पुकारणाऱ्याची साक्ष मात्र झाली, आणि चांगली झाली. "साहेब, हुं तो गाडी जोडेज बोल्यो हतो," असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. पद्माकर वकील प्रथमच हसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता निकालापर्यंत तेवढा घोडा सांभाळा."

येसूबाईंना ताप आला तो त्याच आठवड्यात. आधी किरकोळ वाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची शुद्ध हरपली. रमाकांत तेव्हा तिथेच होता. सुभानरावांनी त्यांना उचलून पाहिलं, दवाखाना फार लांब होता. रमाकांत गाडीसाठी धावत सुटला. कोपऱ्यावर गफूरभाईंची टमटम उभी होती, पण त्यांचं घोडं लंगडत होतं.

"गाडी ले जाओ," गफूरभाई म्हणाले. "लेकिन इसको कौन खींचेगा?"

रमाकांतने गाडी दांड्या धरून ओढत दारापर्यंत आणली. दोघांची नजर एकाच वेळी पाव्हण्याकडे गेली.

"सुभानराव," रमाकांत म्हणाला, "वकील म्हणालेत..."

"मला ठाऊक आहे काय म्हणालेत."

सुभानरावांनी घोडा सोडला आणि जुंपला. हात इतके सराईत, की बघता बघता पट्टे आवळून झाले. घोडा कितीतरी दिवस मोकळा होता. गाडी मागे लागताच तो असा सुटला, की जणू यासाठीच थांबला होता. रमाकांत मागे येसूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. रावपुऱ्यातून जाताना वामनरावांचा माणूस पेढीच्या पायरीवर उभा दिसला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. सुभानरावांनीही त्याला पाहिलं. लगाम त्यांनी आखडला नाही.

येसूबाई दवाखान्यात दोन दिवस होत्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

पुढच्या तारखेला वामनरावांचा माणूस साक्षीला आला. मुनसफांनी सुभानरावांना विचारलं, "घोडा जुंपला होता, हे खरं?"

"जी."

"कशासाठी?"

"बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं."

मुनसफांनी ते लिहून घेतलं. पद्माकर वकील उठून अडचणीबद्दल, माणुसकीबद्दल बोलले, चांगलं बोलले. मुनसफांनी मान हलवून ऐकलं. मग म्हणाले, चुकीची चिठ्ठी दिसते आहे, दुःख आहे. पण नाकारलेला माल मालकासारखा वापरला, आणि समोरच्यांनी त्यावर बोट ठेवलं आहे. दावा चालत नाही.

वामनरावांनी पागोटं नीट केलं आणि निघून गेले. रमाकांतला वाटलं, सुभानराव आता आपल्याला काहीतरी बोलतील. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चल. गवताची वेळ झाली."

घोडा आता खरोखर सुभानरावांचा झाला होता. महिन्याभरात त्यांनी तो चुन्याच्या घाणीवाल्याला, घाणीभोवती फिरवायला, विकला. आलेले पैसे गवतवाल्याकडे आणि दवाखान्याच्या औषधात गेले. नवा मालक घोडा न्यायला आला तेव्हा त्यांनी नाव सांगितलं नाही. घाणीला नावाचं काय काम.

ते अजून स्टेशनावरच दुसऱ्याची टमटम हाकतात. गाडीवाले आता थट्टा करत नाहीत, ते जास्त वाईट वाटतं. रमाकांत कधीमधी त्यांच्या मागच्या पाटीवर बसून मांडवीपर्यंत जातो.

त्या दुपारच्या गाडीचं भाडं तेवढं राहिलंय. रमाकांत एकदा चार आणे घेऊन गफूरभाईंकडे गेला होता. आता त्याचं गुजराती बरं झालंय. नीट जुळवून त्याने वाक्य म्हटलं. गफूरभाईंनी त्याची मूठ परत मिटून दिली.

"सुभानराव बोल के गया है, मैं दूंगा. तेरे से लिया, तो वो क्या समझेगा?"

आणि सुभानराव गफूरभाईंच्या त्या कोपऱ्यावरून जात नाहीत. स्टेशनाहून येताना लहरीपुऱ्याकडून वळसा घालतात.