मुक्तासमोर जेवायला बसणारी आत्या

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. काउंटरसमोर पेन्शनवाल्यांची रांग होती आणि भाचा फोनवर सांगत होता, “मामी, आई गेली. चहा घेता घेता गेली...” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. माझ्या सख्ख्या नणंदेचा, कमलवन्संचा, चेहरासुद्धा अजून डोळ्यांसमोर आला नव्हता आणि मनात आलं ते हे, की आज दुपारी मुक्तासमोर कोण बसणार? माणूस गेल्यावर असं काही सुचावं हे विचित्र आहे, पण सुचलं. रडू नंतर आलं. आधी भीतीच वाटली, आणि आज काही आठवडे उलटल्यावरही ती तशीच आहे.

मुक्ता माझी मुलगी. बारावीच्या वर्षी तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. आमच्याकडे उपवास म्हणजे एरवीपेक्षा दुप्पट खाणं... साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर तळलेल्या पापड्या. हिचा उपवास मात्र पाण्यावरचा. शेजारच्या बायका आपल्या पोरींना तिचं उदाहरण द्यायच्या. तिचे बाबा चितेगावच्या कंपनीत मित्रांना कौतुकानं सांगायचे. पोरगी उनाडक्या करत असती तर आम्ही चार दिवसांत कान धरला असता. पण जी देवाधर्माचं करते, पहाटे उठून अभ्यास करते, घरभर सगळ्यांना आग्रह करून वाढते, ती आजारी असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

ते आलं वन्संच्या. त्यांचा जन्म मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून गेला होता. अंगानं भरलेल्या, खाण्याच्या शौकीन, आवाज असा की शहागंजातल्या फळवाल्यानंही भाव करायला घाबरावं. एप्रिलातल्या एका रविवारी त्या जेवायला आल्या. मुक्तानं त्या उन्हाळ्यात स्वेटर घातला होता. तिनं भाकरीचा चुरा केला, तो वरणात कालवून ताटाच्या कडेला पसरला आणि जेवले म्हणून उठली. वन्सं तिला काहीही बोलल्या नाहीत. हात धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आल्या, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि मला विचारू लागल्या... हिची पाळी येते का, केस गळतात का, हात असे गार का, दंडावर बारीक लव का आलीय, जेवण झाल्याबरोबर न्हाणीघरात का जाते. मी अभ्यासाच्या ताणाचं काहीतरी सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

“लता, ही देवासाठी उपाशी राहत नाय. ही आजारी आहे, अन् लई आजारी आहे. अशी एक पोरगी माझ्याकडं होती. आम्ही सगळ्या तिला नाटकी म्हणायचो.”

तिचं पुढं काय झालं, असं मी विचारलं. वन्संनी नळ बंद केला आणि बाहेर निघून गेल्या. 

मुक्ता डॉक्टरांकडे यायला तयार नव्हती. मला काही झालेलं नाही, हे एकच वाक्य. मी रडले, तिचे बाबा ओरडले. वन्सं मात्र जेवणाबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. चक्कर येते ना, थंडी वाजते ना, जिना चढताना धाप लागते ना, तेवढंच दाखवू म्हणाल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं आणि घरी पाठवायलाच नकार दिला. मी धावत जाऊन तुपातला शिरा करून आणला, तर तो परत न्यायला लावला. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर जिवावर बेतू शकतं, हे मला तिथं कळलं. आईनं शिरा दिल्यानं मूल दगावू शकतं... डबा मांडीवर घेऊन मी त्या कॉरिडॉरमध्ये बसून होते आणि आतल्या यंत्राचा आवाज ऐकत होते.

पुढं मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायची वेळ आली तेव्हा तिचे बाबा अडून बसले. लोक काय म्हणतील, उद्या लग्नाचं बघायचंय. वन्संनी भावाला फक्त विचारलं, “लोकांचं आत्ता ऐकतोस, का ते दुखवट्याला भेटायला येतील तेव्हा?” त्यावर त्यांनी मुकाट्यानं गाडीची किल्ली घेतली.

मग उपचार सुरू झाले. आहारतज्ज्ञ, दर आठवड्याची तपासणी, गोळ्या, बोलणं. वजनकाटा घरातून गेला. ताटात काय आहे यावर चर्चा नाही, घासाघीस नाही, जेवली म्हणून कौतुकही नाही. एका मावशीनं लग्नात “छान बाळसं धरलंय हो” म्हटलं आणि पोरीनं पुन्हा दोन दिवस दाताला दात लावले. आम्ही दोघं नोकरीवर, म्हणून दुपारी वन्सं रिक्षानं यायच्या, स्वतःचं ताट वाढून घेऊन तिच्यासमोर बसायच्या. जेवल्यावर तासभर रमी. मुक्तानं आत जाऊन ओकून येऊ नये म्हणून तो डाव होता, आणि वन्सं त्यात सरळ सरळ पानं लपवायच्या. वर्षभरानं मुक्ताची पाळी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनीच मला बँकेत फोन करून सांगितलं. पूर्ण बरी झाली असं डॉक्टर अजूनही म्हणत नाहीत. सांभाळा म्हणतात. घरात काही मोठं दुःख झालं तर विशेष सांभाळा.

आणि मग वन्संच गेल्या.

तेराव्याला आम्ही सगळे त्यांच्या घरी होतो. त्यांच्या सासरी अशी रीत आहे, की गेलेल्या माणसाच्या नावानं प्रत्येकानं एखादा पदार्थ वर्षभर सोडायचा. गंगापूरहून आलेल्या त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी विषय काढला. कुणी पेरू सोडला, कुणी चहा, भाच्यानं आंबा. प्रत्येक नावाला माना हलत होत्या.  मुक्ता माझ्या शेजारी बसली होती, आणि तिला मधेच उठवून नेलं तर आणखी बिघडेल अशी भीती. जाऊबाई तिच्याकडे वळल्या, “तू गं? तुझा तर लई जीव व्हता आत्यावर.”

मुक्तानं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मी काही सोडणार नाही.”

म्हाताऱ्या बाईंना ते लागलं. एवढं केलं आत्यानं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि दुसरीकडे वळल्या. मी मात्र त्या क्षणी सुटले असं समजले.

परतताना गाडीत तिनं सांगितलं, “आई, माझ्या ओठांवर पोळीचं नाव आलं होतं. पोळी सोडते म्हणणार होते. किती सोपं होतं... सगळ्यांनी चांगलंच म्हटलं असतं.”

मी विचारलं, मग म्हणाली का नाहीस.

“आत्या माझा घास गिळून होईपर्यंत पुढचा घास घ्यायची नाही. कितीही वेळ लागला तरी. तिचं गार व्हायचं सगळं. भूक तर तिला किती लागायची तुला माहितीय. मी सोडलं असतं तर ती तिथंच थांबून राहिली असती ना.”

हे मला ठाऊकच नव्हतं. दुपारी मी घरी नसायचे.

आता मी रजा काढलीय. काल आम्ही दोघी जेवायला बसलो. तिनं पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि हातात धरून बसून राहिली. मी माझा पहिला घास घेतला होता. दुसरा घेतला नाही. ताटातला भात वाळत चालला होता.

मी थांबले.