आई, मम्मी आणि बोर्डीचा चिखल

परवाच्या रविवारी आम्ही आपल्याच किनाऱ्याची टूर केली. डहाणूत राहायचं आणि इथलाच समुद्र बघायला गाडी बुक करायची... ऐकून शेजारच्या काकू हसल्याच.

ओळखीचे हितेशभाई त्यांच्या गाडीतून एका वेळी एकाच घरच्या माणसांना दिवसभर फिरवतात. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि शेवटी तलासरी तालुक्यातलं झाई. आम्ही चौघं जाणार होतो. मी, माझा नवरा, माझी आई आणि सासूबाई, म्हणजे मम्मी. पण सकाळीच नवऱ्याला रेल्वेतून ड्युटीचा फोन आला आणि गाडीत उरलो आम्ही तिघी.

मला धाकधूक होती, खोटं कशाला सांगू. आमचं लव्ह मॅरेज. माझं माहेर गंजाडचं, पाड्यावरचं घर आणि थोडी भातशेती. मम्मी सरकारी ऑफिसातून रिटायर झालेल्या.

मम्मी आईला कधी वावगं बोलल्या नाहीत. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या एकदाही माझ्या माहेरी आल्या नव्हत्या. कधी गुडघे, कधी ऊन, कधी रस्ता खराब... आधी आई दर सणाला बोलवायची. मग तिने बोलवणं सोडून दिलं. नवा तांदूळ आणि शेवग्याच्या शेंगा मात्र माझ्या हाती पाठवत राहिली.

मम्मी पुढच्या सीटवर, आई माझ्याजवळ मागे. घोलवडपर्यंत हितेशभाईच बोलत होते, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. चिकूच्या वाडीत दोघी फिरल्या, पण एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. दोघींकडे बघून उगाचच हसून हसून माझे गाल दुखायला लागले.

बोर्डीला पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं, मधे नुसती ओली काळी वाळू. आईने चपला गाडीत काढल्या, साडी खोचली आणि निघाली सरळ पाण्याकडे. ती समुद्रावर फारशी कधी आलेलीच नाही. भाताच्या चिखलात वावरलेले पाय, तिला काय त्याचं...

मम्मी म्हणाल्या, मी इथेच बसते सुरूच्या सावलीत. थोड्या वेळाने काय वाटलं कोण जाणे, उठल्या आणि सँडल घालूनच निघाल्या. मी नको नको म्हणत मागे धावले.

व्हायचं तेच झालं. वाळू संपून चिखल लागला, सँडल रुतली आणि मम्मी हळूच, अगदी सावकाश, खाली बसल्या. लागलं काही नाही, पण कमरेपर्यंत चिखल. चांगली सिल्कची साडी. आणि आजूबाजूला माणसं बघतायत.

मम्मींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ऑफिसात ज्यांच्यासमोर लोक उभं राहून बोलायचे, त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी हात दिला तर म्हणाल्या, "थांब जरा, कोणाला बघू देऊ नकोस."

तेवढ्यात आई पाण्याकडून परत आली. तिने मम्मींकडे पाहिलं, आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं... आणि त्यांच्या शेजारी चिखलात फतकल मारून बसली.

"अहो, तुम्ही कशाला?" मम्मी म्हणाल्या.

"कंबर धरली होती माझी," आई म्हणाली. "इथे गार वाटतंय."

मग मम्मी हसायला लागल्या. तोंडाला पदर लावायला गेल्या तर पदरही चिखलाचा... ते बघून आईही सुटली. मी तशीच उभी, हसू की रडू कळेना.

जेवायला ज्यांच्या घरी सांगितलं होतं, त्या ताईंनी न्हाणीघर उघडून दिलं. समुद्र म्हणजे भिजणार म्हणून आईने पिशवीत एक जुनी हिरवी सुती साडी आणली होती. एकच. ती तिने मम्मींपुढे धरली.

"विहीणबाई, नवी नाही. पण स्वच्छ धुतलेली आहे."

मम्मींनी साडीकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, गाडी वळवा, घरी जाऊ. पण त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काय नेसणार?"

"माझी वाळेल अंगावर. सवय आहे."

मम्मी ती साडी नेसून बाहेर आल्या. जेवताना दोघी शेजारी बसल्या. झाईला उतरल्यावर मी बोंबील वाळत घातलेले बघत पुढे गेले. मागे वळून पाहिलं तर दोघी एका होडीच्या सावलीत बसून बोलत होत्या. काय बोलत होत्या मला माहीत नाही. मी मुद्दामच लांब राहिले...

संध्याकाळी आईला डहाणूला एसटी स्टँडवर सोडलं. उतरताना ती म्हणाली, "साडी हिच्याकडे द्या, ही आणेल."

"नाही," मम्मी म्हणाल्या. "मी धुते, इस्त्री करते आणि स्वतः आणून देते. येत्या रविवारी."

आईने नुसती मान हलवली आणि ती बसकडे वळली. मला तिची पाठच दिसत होती, पण बसमध्ये चढायच्या आधी तिने पदराने डोळे पुसले.

काल आईचा फोन आला. विचारत होती, विहीणबाईंना तांदळाची भाकरी चावते का गं... मी म्हटलं, मला काय विचारतेस, नंबर देते, त्यांनाच विचार.

म्हणाली, "नंबर आहे. झाईलाच दिला त्यांनी. पण आज दोनदा बोलणं झालंय, आता परत कसा लावू?"

मी फोन ठेवला. दोघींना एकत्र आणायला मी इतकी वर्षं काय काय केलं होतं. जमलं ते आईला, आणि तेही नुसतं शेजारी बसून.