यमुनाताईंना आम्ही कोंडलं तो दिवस

निवडणूक ड्यूटी म्हटली की लोकांना वाटतं, शाळेच्या फाटकाशी बंदूक घेऊन उभं राहायचं आणि सरकारी पोहे खायचे. एकवीस वर्षांच्या नोकरीत मलाही बऱ्याचदा तसंच वाटलं होतं. मी निमलष्करी दलात सब-इन्स्पेक्टर होतो. काश्मीर झालं, छत्तीसगड झालं. विधानसभेच्या निवडणुकीसाठी आमची कंपनी रायगडच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा जवानांनी आधी समुद्राबरोबर फोटो काढले. मी माणगावच्या आतल्या गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला. जिल्हा माझाच, पण पोहता मला आजही येत नाही.

माझ्याकडे दहा जणांचं सेक्शन आणि एक उमेदवार सोपवला गेला. मुरुडच्या अलीकडे एक कोळीवाडा आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात. उमेदवार म्हणजे यमुनाताई. वय बावन्न, धंदा मासळी विकण्याचा, अपक्ष, चिन्ह पंखा. गावच्या होड्यांना समुद्रात वारंवार एक बिननंबरी बोट दिसायची. ती बाहेरच्या पाण्यातून यायची, माल उतरवायची आणि परत जायची. पुरुषमंडळी बघून न बघितल्यासारखं करत होती. यमुनाताई बायका घेऊन थेट कलेक्टर कचेरीत गेल्या, लेखी तक्रार दिली आणि पुढे निवडणुकीलाच उभ्या राहिल्या. अर्ज भरला त्या संध्याकाळपासून परदेशी नंबरांवरून फोन सुरू झाले. पहिल्या फोनवर शिव्या होत्या. चौथ्या फोनवर नातीच्या शाळेचं नाव, वर्गशिक्षिकेचं नाव आणि रिक्षावाल्याचं नाव होतं. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला होता, "माघार घ्या. मतदान होईपर्यंत कधीही चालेल."

ताईंनी माघार घेतली नाही. नातीला पनवेलला मावशीकडे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात मासळीची पाटी लावली.

माझा सेकंड-इन-कमांड होता हेड कॉन्स्टेबल देवीलाल. राजस्थानचा, कडक शाकाहारी. सुक्या बोंबलाच्या ओळींखालून जाताना तोंडाला रुमाल बांधायचा. ताई त्याला चिडवायच्या, "अरं देवी, नाक बंद केलंस तर गोली कशी हुंगशील?" तो म्हणायचा, "माताजी, गोली की बू इससे अच्छी है." ताईंची भाषा त्याला निम्मी कळायची, तरी दोघांचं छान जमलं होतं. त्याची आई लहानपणीच गेली होती, हे मला खूप नंतर कळलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी 1500 वाजता वायरलेस सेटवर कंपनी कमांडरांचा आवाज आला.

"चार्ली टू, टायगर. इनपुट पक्का है. बाहर से एक आदमी आया है, टारगेट तुम्हारी कैंडिडेट. कल शाम तक नो मूवमेंट. ओव्हर."

"रॉजर, सर."

मी जागा निवडली ती मच्छीमार सोसायटीच्या गोदामावरची खोली. एकच जिना, एकच खिडकी, तीही समुद्राकडे. छतावर एक जवान, जिन्यावर दोन. प्रशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवावी अशी पोझिशन. मला तिचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. ताईंचा फोन मी काढून घेतला, कारण फोनवरून ठिकाण कळतं. सायलेंट करून तो माझ्या खिशात ठेवला.

ताई म्हणाल्या, "मना सकालीच मत द्यावाचा हाय."

"संध्याकाळी साडेपाचला नेतो, ताई. गर्दी ओसरली की."

"तुजा हुकूम," असं म्हणून त्या खाटेवर बसल्या. तोंड भिंतीकडे.

मतदान 0700 वाजता सुरू झालं. आठच्या सुमारास दोन बायका गोदामापाशी आल्या, यमुनाबायला भेटायचंय म्हणाल्या. जिन्यावरच्या जवानाने माझ्या हुकमाप्रमाणे सांगितलं, "मॅडम नहीं मिलेंगी." नऊच्या सुमारास सोसायटीचे जुने चेअरमन आले. त्यांनाही तेच उत्तर. खिशातला फोन सारखा थरथरत होता. मी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, धमक्या चालू आहेत, चालू देत.

11:40 ला बूथवरची स्थानिक पोलीस शिपाई धावत आली. अलिबागकडची मुलगी, नाव शुभांगी.

"साहेब, बाईंनी माघार घेतली हे खरं का?"

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव म्हणतंय. कोळीवाड्यातून सकाळपासून वीस माणसंसुद्धा आली नाहीत मताला."

तिने बूथबाहेर ठेवलेला आपला फोन आणला होता. त्यावर एक आवाजी मेसेज लावला. परदेशी नंबरवरून पहाटे गावातल्या प्रत्येक ग्रुपवर पडलेला. आवाज यमुनाताईंचा. बोली तीच, धापही तीच. "मी माघार घेतलीय. मना मत देऊ नका. भायेर पडू नका, आज गावात काय पन व्हईल. मी चालले मुंबईला."

पंधरा दिवस मी त्या बाईंच्या सावलीसारखा होतो. मला तो आवाज खोटा आहे हे ओळखता आलं नाही. त्या माझ्या डोक्यावरच्या खोलीत बसलेल्या होत्या, म्हणून फक्त कळलं.

मी खिशातला फोन काढला. त्रेसष्ट मिस्ड कॉल. एकही परदेशी नव्हता. शेजारीण, जाऊ, चेअरमन, भाऊ. गावाने सकाळपासून त्रेसष्ट वेळा विचारलं होतं, बाय, हे खरं का? आणि गावाला उत्तर मिळत नव्हतं. दारात गेलं तर बंदूकवाला म्हणत होता, मॅडम मिळणार नाहीत. ज्याने ही थाप पाठवली त्याला पुरावा मी दिला. आम्हा वर्दीवाल्यांची ही खोड. माणूस जिवंत ठेवला की काम झालं असं आम्हाला वाटतं. तो लोकांना दिसायला हवा, हे कोणत्याही पोटकलमात लिहिलेलं नसतं.

वर जाऊन मी ताईंना मेसेज ऐकवला. त्यांनी तो दोनदा ऐकला.

"आवाज माजाच हाय," त्या म्हणाल्या. "मी नाय बोलले." मग उठल्या. "मना भायेर जावाचा हाय."

"ताई, बाहेर माणूस आहे. मारायला आलेला."

"आन मी हितं बसून काय जित्ती हाय? माज्या गावाला वाटतंय, यमुना पलाली."

मी सेटवर कमांडरांना सगळं सांगितलं. उत्तर आलं, "प्रचार नहीं कर सकती. एक शब्द भी नहीं. ऑब्झर्व्हर बूथ पर बैठा है. वोट डालने जा सकती है. ज़िम्मेदारी तुम्हारी. ओव्हर."

ताईंना मी तेच सांगितलं. मत मागायचं नाही, पंख्याचं नाव घ्यायचं नाही, भाषण नाही.

"मासली तरी इकू का?" त्यांनी विचारलं.

चिन्ह पाटी असतं तर नाही म्हणालो असतो. चिन्ह पंखा होतं.

1:10 ला आम्ही निघालो. जेमतेम सहाशे पावलांचा रस्ता, पण ताईंनी तो सरळ धरला नाही. डोक्यावर बोंबलाची पाटी घेऊन त्या वाड्यातल्या प्रत्येक गल्लीत शिरल्या. रोज द्यायच्या तीच हाळी, "बोंबील घ्या गो बायांनो! ताजं बोंबील!" बुलेटप्रूफ जॅकेट लुगड्यावर घालायला त्यांनी साफ नकार दिला होता. दोन जवान पुढे, दोन मागे, डाव्या हाताला मी, उजव्या हाताला देवीलाल. त्या दिवशी त्याने रुमाल बांधला नव्हता.

पहिल्या गल्लीत दारं बंदच राहिली. दुसऱ्या गल्लीत एक म्हातारी बाहेर आली, ताईंचा हात धरून बघितला आणि मागे वळून ओरडली, "अगो, हाय ती! हितंच हाय!" मग एकेक कडी निघू लागली. कोणी मतदानाचं नाव काढलं नाही. बायकांनी बोंबील घेतले, घरात ठेवले आणि ओळखपत्रं घेऊन मागे चालू लागल्या. मागे गर्दी वाढत होती आणि गर्दीतला प्रत्येक हात मला तपासायचा होता. इतकी भीती मला छत्तीसगडच्या जंगलात वाटली नव्हती.

शाळेच्या अलीकडे जेटीची मोकळी जागा लागते. तिथे वाळत घातलेल्या जाळ्यांचे ढीग होते. चार-पाच माणसं जाळी विणत बसली होती. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. सगळ्यांच्या हातात जाळंच होतं. मी पुढे झालो.

ताई थांबल्या. "त्यो कोन? जाल्यावर पायतान घालून बसलाय?"

कोळी माणूस जाळ्यावर चप्पल नेत नाही. चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला नेतो. आमच्या दहाजणांपैकी हे एकालाही माहीत नव्हतं. देवीलालला ताईंचे शब्द कळले नसतील, पण त्यांचं बोट कळलं. कोपऱ्यातला तो बूटवाला उठला. देवीलाल एक पाऊल आडवं टाकून ताईंपुढे आला.

दोन गोळ्या. वेळ 1:52.

पहिली त्याच्या जॅकेटच्या कडेने काखेत शिरली. दुसरी होडीच्या लाकडात. गर्दीमुळे मी फायर केलं नाही. पुढच्या दोघा जवानांनी त्या माणसाला जाळ्यातच दाबून धरलं. जिवंत सापडला. पुढे खटला उभा राहिला, पण त्याला पैसे देऊन पाठवणारा समुद्रापलीकडेच राहिला.

ताईंनी पाटी फेकली आणि देवीलालचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "माताजी को लगी क्या?"

"नाय रं बाला. मना काय नाय झाला."

ॲम्ब्युलन्सने त्याला मांडव्याला नेलं, तिथून बोटीने मुंबईला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी ताईंना म्हणालो, "चला, आत नेतो तुम्हाला." त्यांच्या लुगड्यावर रक्त होतं.

"मत रेलंय माजा," त्या म्हणाल्या आणि शाळेकडे चालू लागल्या. रांगेने त्यांना वाट करून दिली. त्यांनी ती घेतली नाही, शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सगळा कोळीवाडा. सहा वाजता फाटक बंद झालं तेव्हा आत इतकी माणसं होती की मतदान संपायला साडेआठ वाजले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, किरकोळ प्रकार वगळता जिल्ह्यात मतदान शांततेत पार पडलं. तेव्हा देवीलाल जिवंत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. सकाळी आठला मी ताईंना गोदामाच्या दारात नुसतं उभं केलं असतं, तर सगळ्या गावाला दिसल्या असत्या आणि भर दुपारी ती वरात काढावी लागली नसती. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. माझा माझ्यावर आहे.

निकालात यमुनाताई पडल्या. त्यांच्या बूथवर त्या पुढे होत्या, बाकी मतदारसंघाने साथ दिली नाही.

निवृत्त झाल्यावर मी देवीलालच्या गावी गेलो. त्याच्या बायकोने मला ओसरीवर बसवलं, ताट वाढलं. मग पदराआडून विचारलं, "वो बाई जीती?"

"नहीं. हार गई."

तिने मान खाली घातली.

"अब क्या करती है?"

"मछली बेचती है. गांव में घूम के."

"रोज़ निकलती है?"

"रोज़."

"साथ में पुलिस?"

"नहीं. अकेली."

ती उठली, चुलीवरची गरम भाकरी आणून माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "खाओ, भाईसाहब."