गेजकाका आणि वरातीची घोडी

गेजकाका आमच्याकडे जेवायला बसले की आधी भाकरीची जाडी बघायचे. खिशातून पोलादी गेज काढायचं, भाकरीच्या कडेला लावायचं आणि मान हलवायची. "एका बाजूला जाड आलीय वैनी. चालंल, पण टॉलरन्सच्या बाहेर हाय." मी म्हणायचे, भाऊजी, मग कॅंटीनमध्येच जेवत जा. ते हसायचे आणि तीच भाकरी सगळ्यांत आधी संपवायचे.

मूळचे चिखलीचे. शेती भावाकडे सोपवून पिंपरीच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि इन्स्पेक्शनपर्यंत चढले. आमच्या ह्यांच्याच शिफ्टला असायचे आणि शेजारच्याच खोलीत राहायचे. खरं नाव सीताराम, पण चाळीतल्या पोरांनी गेजकाका केलं आणि पुढे त्यांची बायकोही तेच म्हणायला लागली. त्यांनी एकदा माल रिजेक्ट केला की मॅनेजरने डोकं आपटलं तरी शेरा बदलायचा नाही. ह्यांना त्याचं फार कौतुक. मला नव्हतं. असला माणूस शेजारी असला की रांगोळी काढायचीसुद्धा धास्ती वाटते.

माझी सुजू जन्मापासून अंगाने ताठर. बसवली की डावीकडे कलायची आणि दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरून ठेवायची. सुटलं की पडलीच. सात वर्षांची झाली तेव्हा शाळेत नाव घालायला घेऊन गेले. हेडमास्तर भला माणूस, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं, बाकावर आपली आपण बसायला लागली की आणा. मला तेवढंच हवं होतं. धावू नको, नाचू नको बाई, नुसती बाकावर बस.

चिंचवडला एका ट्रस्टच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं की अशा मुलांना घोड्यावर बसवून फिरवलं, तर घोड्याच्या चालीबरोबर त्यांची पाठ तोल सांभाळायला शिकते. आता चिंचवडात घोडा कुठून आणायचा? शेवटी इब्राहिमभाईंची वरातीची घोडी मिळाली. पांढरीशुभ्र, शेपटीला मेंदी, आणि मिजास नवरदेवापेक्षा जास्त. लग्नसराईत उपचार बंद. एकदा तर इब्राहिमभाई सुजूला खाली उतरवून घोडीसकट पळाले, कारण निगडीला नवरदेव मुंडावळ्या बांधून खोळंबला होता.

ट्रस्टच्या अध्यक्षांना हे सगळं तमाशासारखं वाटायचं. ते म्हणाले, मुलांना गुण येतोय हे दाखवा, नाहीतर घोडी बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला दिसतोय. अध्यक्ष म्हणाले, दिसून भागणार नाही, मोजून दाखवा. बाई हवालदिल झाल्या. मोजायचं म्हटल्यावर आमच्या ह्यांना दुसरं कोण सुचणार? दुसऱ्या दिवशी गेजकाका दवाखान्यात हजर.

त्यांनी ओळंबा आणला होता. घोडीवर बसलेल्या मुलाच्या मानेमागे दोरी धरायची आणि पाठ किती ढळलीय ते बघायचं. पण घोडी हलली की ओळंबाही हलायचा. मग हुकूम सुटला, घोडी उभी करा. लगाम इब्राहिमभाईंनी धरायचा, शेपटी मी. डॉक्टरीणबाई काकुळतीला येऊन सांगायच्या, अहो, गुण चालीत आहे, उभ्या घोडीत नाही. गेजकाका ऐकतील तर शपथ. "बाई, मोजायचा जॉबच हलत आसंल तर रीडिंग कोन घेतं?" तेवढ्यात घोडी मान वळवून त्यांची टोपी ओढायची. असं कित्येक महिने चाललं.

अध्यक्ष बघायला यायच्या आदल्या दिवशी मी गेजकाकांना पुरणपोळ्या करून घातल्या. लाच म्हणा हवं तर. वाढता वाढता म्हटलं, भाऊजी, उद्या बोटभर इकडेतिकडे सांभाळून घ्या. गेजकाकांनी तूप मागून घेतलं. "पोळी झ्याक झालीय वैनी," म्हणाले आणि दुसरीसाठी ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांसमोर सुजूला घोडीवर बसवलं. गेजकाकांनी ओळंबा धरला, एक डोळा मिटला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "फरक न्हाई." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ह्या मेल्याला मी पुरणपोळी घातली! अध्यक्ष खुर्चीतून उठले.

आणि तेवढ्यात रस्त्यावरून बँड आला. कुणाची तरी वरात. घोडीने कान टवकारले. इब्राहिमभाई "अगं, अगं" करेपर्यंत तिने मान ताठ केली आणि शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी नाचायला सुरुवात केली. मी किंचाळले. डॉक्टरीणबाई हात पसरून धावल्या. आणि आमची सुजू? तिने दोन्ही हात सोडले होते. खदाखदा हसत टाळ्या पिटत होती. डावीकडे कलायची आणि आपली आपण सावरायची. पुन्हा कलायची, पुन्हा सावरायची. गेजकाका ओळंबा धरून तसेच उभे, आणि ओळंबा आपला चहूकडे झुलतोय.

बँड पुढे गेला. अध्यक्षांनी विचारलं, मग फरक नाही ना? गेजकाकांनी दोरी गुंडाळली.

"न्हाई साहेब, माझंच माप चुकलं. मी बंद मशीनवर माप घेत बसलो. बाई पयल्यापासनं सांगत व्हत्या, चालू मशीनवर बघा. पोरगी वाकडीच हाय, पर पडत न्हाई."

आपला शेरा त्यांनी मागे घेतला, असं ह्यांनी तोवर कधी बघितलं नव्हतं. घरी आल्यावरही ह्यांना त्याचंच नवल.

घोडी राहिली. पुढच्या जूनमध्ये सुजू शाळेच्या बाकावर बसली. कललेलीच बसली, पहिल्या आठवड्यात पडलीसुद्धा, पण उठून परत बसली. हळूहळू काठी घेऊन चालायलाही लागली, पण ते सगळं गेजकाका रिटायर होऊन चिखलीला गेल्यानंतर. मी निरोप पाठवायचे, एकदा येऊन बघून जा. ते कळवायचे, सुगी झाली की येतो.

एक दिवस सकाळीच ते गेल्याची बातमी आली. बसने आम्हाला चिखलीच्या फाट्यावर सोडलं. पुढे नुसता खडीचा रस्ता. मी सुजूचा हात धरायला गेले, तर तिने झिडकारला. एवढी मोठी पोरगी, काठी टेकत, कलत, सावरत माझ्यापुढे चालत राहिली. बांधावरची माणसं थांबून बघत होती. मला रस्त्यातच रडू फुटलं. तिचं हे चालणं ज्याने बघायला हवं होतं, त्याच्याच मयताला आम्ही निघालो होतो.