डाळ शिजवणारी विहीर

माझी थोरली जाऊ सोजराबाई पाणी पारखायची. पिंपरी-चिंचवडच्या आसपास कुणी नवी विहीर खणली, की पहिला नारळ देवाला आणि पहिलं बोलावणं हिला. ही जायची, तीन दगडांवर मडकं ठेवायची, त्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ टाकायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. डाळ गळाली तर पाणी माणसांना, नाही गळाली तर गुरांना. पोरगी द्यायची झाली की लोक आधी विचारत, "तुमच्या गावात डाळ शिजती का?" आणि सोजराबाईनं होय म्हटलेलं असलं तरच बैठकीला बसत. नवऱ्यामुलाची एवढी पारख कुणी केलेली मी तरी पाहिली नाही.

आमच्या वाडीची विहीर मात्र नतद्रष्ट होती. सकाळी चढवलेली डाळ दुपारी ताटात खडखड वाजायची. पाणी पारखणारीच्याच घरी कच्चं वरण! बाई चरफडायच्या, आणि मी पदराआड हसायची. मोठ्या जावेचं काहीतरी बिघडलेलं बघायला कुठल्या धाकटीला आवडत नाही?

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी रुळांपलीकडच्या उंचवट्यावर एक कारखाना आला. दिव्यांच्या काचा तेजाबात बुडवून दुधी करायचा. उरलेल्या तेजाबात धुण्याचा सोडा ओतायचे आणि ते पाणी मागच्या खड्ड्यात टाकायचे. "सोड्यानं तेजाब मरतंय. आता ह्या पाण्यानं बाळाला आंघोळ घाला," असं तिथला मुकादम रंगराव छाती पुढं काढून सांगायचा. त्यानं स्वतःच्या बाळाला घातल्याचं काही कानावर आलं नाही.

पुढं वर्षभरात आमच्या विहिरीचं पाणी मऊ झालं. कांदा चिरून होईस्तोवर डाळ गळून पीठ. सोजराबाईनं एकदा चढवली, दोनदा चढवली, मग शेजारणीच्या चुलीवर चढवून बघितली आणि देवळासमोर उभं राहून सांगितलं, "आपल्या विहिरीचं पाणी पंचक्रोशीत एक नंबर हाय." झालं. लांबलांबच्या वस्त्यांवरून बायका हंडे घेऊन येऊ लागल्या. वाडीतल्या दोन थोराड पोरांची लग्नंसुद्धा जमली. मला वाटलं होतं ती दोघं तशीच मरतील.

त्याच सुमाराला तिच्या लेकाला, ज्योतीरामला, मुलगी झाली. हौसा. नात म्हणजे सोजराबाईचा जीव की प्राण. पेज त्या पाण्याची, वरण त्या पाण्याचं, वर तहान नसली तरी तांब्या तोंडाला. "पी गं माझी बाय, हाडं कशी लोखंडावानी व्हतील," म्हणायची.

मग कोंडाजी पाटलाचा बैल लंगडायला लागला. त्याच्यामागं म्हैस. पाटलानं दृष्ट काढली, बिब्बा बांधला, गोठ्याचं तोंड फिरवलं. बैल नव्या दारातून लंगडत बाहेर आला. पुढं पाटलाची स्वतःचीही मान वळेना, तेव्हा त्यानं उशी बदलली.

अठ्ठावन्न साली हौसाचे दुधाचे दात पडले आणि नवे आले. खडूसारखे पांढरेफटक, वर तपकिरी पट्टे. पोरंसोरं तिला चिडवायला लागली. पोरगी न्हाणीच्या मागं बसून राखुंडीत विटेची भुकटी घालून दात घासायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. सोजराबाईनं ते बघितलं आणि तिचा हात धरून तडक चिंचवडच्या डॉक्टरांकडं नेलं. मी सोबत होते.

डॉक्टर लष्करातून आलेले. त्यांनी हौसाचे दात बघितले, बैलाचं ऐकलं, कारखान्याचं विचारलं. म्हणाले, "बाई, मी मद्रासकडं असे दात पाहिलेत. पाण्यात एक विषारी क्षार उतरलाय, तुमच्याकडं बहुतेक त्या तेजाबातलाच. रंग नाही, वास नाही, चव नाही."

"उकळून पाजीन," सोजराबाई म्हणाली.

"पाणी आटेल, क्षार उरेल. आणखी वाईट."

"मग दुपदरी फडक्यानं गाळीन."

"गाळूनही जात नाही. तो हाडात जाऊन बसतो, आणि बसला की उठत नाही. ती विहीर सोडा."

"पण डॉक्टर, डाळ शिजतीया की!"

खड्ड्यातला सोडा विहिरीत झिरपलाय, त्यानंच डाळ शिजते, हे डॉक्टरांनी समजावलं, पण सोजराबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. वाटेत ती एकच बोलली, "शालन, म्या सांगितलं म्हणून पितात गं समदी." माझीही पोरं तेच पीत होती.

तिनं वाडीत सांगून बघितलं. कोण ऐकणार? "डाक्टरला काय कळतंय पाण्यातलं? तुमीच म्हनला व्हता एक नंबर," असं तिचंच बोलणं लोक तिला ऐकवायचे. रंगराव तर सगळ्यांसमोर एक तांब्या गटागटा प्यायला आणि मिशा पुसत घरी गेला. त्याचं घर देहूरोडला, तिथलं पाणी वेगळं.

मग हनुमान जयंतीचा भंडारा आला. वरणाचं पातेलं नेहमीप्रमाणं सोजराबाईकडं. तिनं पहाटे ज्योतीरामला बैलगाडी जुंपायला लावली आणि माळापलीकडच्या जुन्या खाऱ्या विहिरीवरून पिपं भरून आणली. डाळ शिजत राहिली, म्हणजे शिजली नाहीच. पंगती बसल्या. वाढलं. सगळ्या पंगतीतून कडाकडा आवाज यायला लागला.

"वैनी," कोंडाजी पाटील म्हणाला, मान वळत नव्हती म्हणून अख्खाच वळून, "डाळ कच्ची हाय."

"कच्चीच हाय. खावा. आजपासून हेच पाणी प्यायचं. आपल्या विहिरीला चांगली म्हणाले, ती माझी चूक झाली."

लोक हसले. म्हातारी चळली, असं कुणीतरी बोललंच. मला इतका राग आला, की वाटलं हातातली पळी घालावी एकेकाच्या टाळक्यात.

सोजराबाईनं पंगतीकडं बघितलं, मग बायकांच्या ओळीत बसलेल्या हौसाकडं. दात आल्यापासून ती पोर ओठ मिटून जेवायची. पाणी प्यायची तेसुद्धा आडोशाला जाऊन.

"हौसा, हिकडं ये."

ती आली.

"तोंड उघड."

पोरगी मान हलवत राहिली. डोळे भरले होते तिचे. सोजराबाईनं तिची हनुवटी धरली, अंगठ्यानं ओठ वर केला आणि तिला तशीच धरून एकेका पानापुढून नेलं. "बघा. हे आपल्या विहिरीचं. तुमच्या पोरांचे अजून पडायचेत. बघा नीट." मी म्हटलं, "जाऊबाई, पुरं!" ती थांबली नाही. शेवटच्या पानापर्यंत नेलं. तोवर कुणी हसत नव्हतं. पाटलानं समोरचा तांब्या उचलला आणि मातीत रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर काटे पडले. कारखान्याला पाटलानं चार शिव्या देऊन बघितल्या, त्यांना काही झालं नाही. आम्ही खारं पाणी पिऊ लागलो. माझ्या धाकटीचे नवे दात पुढं आले ते स्वच्छ आले. मी देवाला साखर ठेवली आणि सोजराबाईच्या पाया पडले. तिनं पाय मागं घेतले.

हौसा त्या भंडाऱ्यानंतर आजीशी बोलली नाही. हाक मारली की यायची, सांगितलेलं काम करायची, जेवायला मात्र भिंतीकडं तोंड करून बसायची. सोजराबाई तिला मागूनच वाढायची, आणि ताट रिकामं होईपर्यंत तिच्या पाठीकडं बघत तिथंच बसून राहायची.