कडावची टेकडी उजाड नाही

कर्जतला उतरून कडावचा टेंपो धरला तेव्हा माझ्या काखेत एक गुंडाळी होती. उपग्रहाने वरून काढलेलं तालुक्याचं चित्र. आणि उपग्रह कुणाचा? आपला, आपल्या माणसांनी बांधलेला! शेजारी बसलेल्या दूधवाल्याला मी हे त्याने न विचारताच दोनदा सांगितलं.

अशा चित्रात हिरवा पाला ओळखू यावा म्हणून तांबडा दाखवतात, त्यामुळे जंगल तांबडं उमटतं. कडावमागची टेकडी मात्र फिकट आली होती. आमच्या नकाशा कचेरीतले साहेब म्हणाले, "जाऊन बघा. झाडं नसतील तर नकाशात 'उजाड' लिहू." उजाड लिहिलं की टेकडी खडीच्या खाणीला जाणार, हे गावालाही कळलं होतं.

पायथ्याशी गोमाबाबा नावाचा म्हातारा शेतकरी वाट बघत होता. त्याच्यामागून चढले आणि बघते तर काय, ऐनाच्या झाडांचे नुसते खांब, शेंड्याला तेवढा झुपका! माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत तुम्हाला? हिरवी झाडं ओरबाडता?"

"दम धर गं बाय," म्हातारा हसला. "झाड नाय तोडलं. फांद्या घेतल्या राबाला." राब म्हणजे भाताचं रोप करायच्या जागेवर डहाळ्या, पाला पसरून जाळणं. "औंदा ह्या टेकडीची झाडं, फुडल्या साली पल्याडच्या टेकडीची. शेंड्याला कोयता लावायचा नाय. ह्यो ऐन माज्या आज्यानं छाटलेला हाय. हात लावून बघ."

लावला. खोडावर बोटभर लांब, कोवळे फुटवे होते. चित्र थंडीतलं, छाटणी झाल्या झाल्या काढलेलं. वरून पालवी दिसणार कुठून? मघाशी मी ज्याची लाज काढली त्याच्यासमोर मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी त्याच्या सुनेने तांदळाची भाकरी आणि कैरीची चटणी वाढली. "आमची टेकडी आभाळातनं दिसते व्हय?" तिने विचारलं.

"दिसते."

"मंग खरं काय ते ल्हा, बाई."

परत येऊन साहेबांशी कडाकडा भांडले. शेवटी ते म्हणाले, पावसाळ्यानंतरचं चित्र येऊ दे. आलं. टेकडी तांबडीलाल! साहेबांनी स्वतःच्या हाताने नकाशात 'जंगल' लिहिलं.

उपग्रह बांधणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात आली, यायलाच हवीत. ती टेकडी पिढ्यान्‌पिढ्या तांबडी राखणाऱ्यांचं नाव लिहायला नकाशात जागा नसते. म्हणून इथे लिहिते: गोमाबाबा, मुक्काम कडाव.