लातूरमधला 'तू'

माझा स्वभाव काळजीचा. काळजी करायला काही सापडलं नाही, तर मी त्याचीच काळजी करतो, असं बायको म्हणते. त्या वर्षी मात्र शोधायची गरजच पडली नाही. अहमदपुरात माझा लहानसा छापखाना होता: पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे, खण. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला, लग्नं लांबणीवर पडली आणि पत्रिकांवर जगणारं माझं दुकान ओस पडलं. खिळे जुळवणारा माझा एकुलता माणूसही खडी फोडायच्या कामावर निघून गेला. त्याला तरी काय बोलणार? रोज संध्याकाळी मी तेल घालून मशीन पुसायचो, आणि उद्या हे भंगारात तर जाणार नाही ना, या विचारानं पुन्हा पुसायचो.

आम्ही लिंगायत. सकाळी इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय दुकान उघडायचं नाही, हा घरचा नेम. पूजेला पळीभर पाणी बायको कसंही करून राखून ठेवायची. पण लिंग तळहातावर घेतलं तरी माझं चित्त दुकानात. देवापुढंही मी अर्जच करायचो: आपण कृपा करावी, काहीतरी काम मिळवून द्यावं, ही विनंती. छापखानेवाल्याची जीभ, दुसरं काय!

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जुन्या कागदांवर सगळीकडं उस्मानाबाद, त्यामुळं कचेऱ्यांना नवे कागद हवे होते. त्यातच आमच्या भागात तलावाचं काम निघालं आणि मजुरांची हजेरीपत्रकं छापायचं काम माझ्याकडं आलं. सोमवारी सकाळी गठ्ठा पोचला तरच हजेरी लागणार. काम देणाऱ्या कारकुनानं बजावलं, "मथळा ठळक पाहिजे. अन् नव्या जिल्ह्याचं नाव चुकलं तर गठ्ठा परत येईल बघा. मग पुढची कामं लातूरच्या मोठ्या प्रेसला."

शुक्रवारी सगळा मजकूर जुळवून झाला. शनिवारी दुपारी मथळा बांधताना घाईत 'लातूर'मधला 'तू' निसटून शहाबादी फरशीवर पडला. उचलून बघतो तो त्याचा खालचा ऊकार तुटलेला. ठळक टाइपाचे सगळे खण उपसले, पण दुसरा 'तू' नाही. ऱ्हस्व 'तु' होता, तो डोळे मिटून लावून टाकावा असंही मनात आलं. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "लोकं दोन महिन्यांपासून कामाची वाट बघून राहिलेत. तुमच्या एका अक्षरापायी त्यांची हजेरी थांबू देऊ नका. जावा नांदेडला, अन् घेऊन या." मोडका खिळा खिशात टाकून मी एसटी पकडली.

वाटेत लोहा गावापाशी गाडी बंद पडली. पुढची गाडी दोन तासांनी, तोवर नांदेडचं टाइपाचं दुकान बंद होणार, दुसऱ्या दिवशी रविवार. बसस्टँडजवळच्या लिंबाखाली बसलो आणि मोडका खिळा खिशातून काढून हातात धरला. तलावाच्या कामावर यायला निघालेल्या बाया डोळ्यांसमोर येत होत्या. ती मंडळी रिकाम्या हातानं परतणार, तेही माझ्यामुळं. मी खरंच रडायच्या बेताला आलो होतो.

"काय झालं अप्पा? पडलेला दात धरल्यावानी काय धरून बसलाव?" त्याच गाडीतला एक म्हातारा विचारत होता. डोक्यावर जाळीची टोपी, मांडीवर पत्र्याची पेटी. शिक्के कोरणं हा त्यांचा धंदा. मी हकिगत सांगितली, तसे ते हसले. "महिना झाला, म्या लातूरच कोरून राहिलो. नवा जिल्हा, दर टेबलाला नवा शिक्का." पेटीतून त्यांनी शिसवीचा एक तुकडा काढला, माझा मोडका खिळा मापाला शेजारी ठेवला आणि टोकदार हत्यारानं उलटं अक्षर कोरायला घेतलं.

कोरता कोरता त्यांनी विचारलं, "एवढ्या छापखान्यात एकच तू?"

"लागतच नाही," मी म्हणालो. "पत्रिकेत आपण, अर्जात आपण. तू कुणाला म्हणायचं?"

भुसा फुंकून त्यांनी मान वर केली. "त्याला तर तूच म्हणतो की आपण सगळे."

मला एकदम लाजल्यासारखं झालं. जो देव रोज तळहातावर घेतो, त्याच्याशी मी परक्यासारखा बोलत आलो होतो. त्यांच्या हाताकडं बघत बसलो आणि कितीतरी दिवसांनी काळजी करायचं विसरलो. कानशीनं घासून त्यांनी उंची बरोबर केली आणि 'तू' माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. "एका अक्षराचं काय घ्यायचं?"

मी तिथूनच परत फिरलो. रविवारभर बायको कागद देत होती आणि मी पाय मारत होतो. प्रत्येक कागद निघाला की मी आधी 'तू' बघायचो, पण लाकडी अक्षर टिकलं. सोमवारी गठ्ठा वेळेत पोचला, हजेरी लागली आणि काम सुरू झालं.

काही महिन्यांनी लातुरात एका कचेरीबाहेर ते म्हातारे दिसले, शिक्के कोरत बसलेले. मी धावत जाऊन त्यांचे हात धरले. त्यांनी ओळखलंच नाही. मी लोहा सांगितलं, बंद पडलेली गाडी सांगितली, 'तू' सांगितला. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसं त्यांनी ऐकून घेतलं. "आसंल अप्पा. रोज इतकं कोरतो, ध्यानात कुठं राहतंय? मग, लोकांचं काम सुरू झालं का?"

"झालं."

"बस की मग," म्हणाले आणि पुन्हा कोरू लागले.

आधी वाईट वाटलं. माझा सगळा जीव ज्या अक्षराला टांगला होता, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग वाटलं, देणाऱ्याला आठवतही नाही, आणि मी मात्र एवढंसं दुकान आपणच डोक्यावर तोलून धरलंय, अशा समजुतीत झुरत होतो. आभार मानायला गेलो होतो, ते कुणी घेतलेच नाहीत. तसाच भर रस्त्यात उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता देवाला हात जोडले.